डांबर न लागता

बुवापाडा, अंबरनाथ
रविवार, ८ जून २०२५

दादा,

जय भीम.

पत्र बघून तुला वाटेल, आईला काही झालं. काही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे, आत्ता मोरीपाशी बसून बोंबील साफ करते आहे आणि मी कुणाला लिहिते आहे हे तिला माहीत नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्ये बोलतोस, मग मी मध्ये बोलते, आणि दोन वर्षांपूर्वीचं आपलं शेवटचं बोलणं असंच झालं. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही.

मुद्द्याचं सांगते. आपली चाळ पाडणार आहेत. ऑक्टोबर संपायच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत तीन-चार वर्षं बाहेर काढायची. तू चंद्रपूरला बसून आईला काय सुचवलंस तेही तिनं मला सांगितलं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये सुनंदामावशीच्या इमारतीत भाड्याचा फ्लॅट आहे, मावशी शेजारी, दवाखाना खाली, रिक्षा दारात.

मी काल जाऊन बघून आले. तिसरा मजला, खाली जीन्सचे कारखाने, जिन्यात निळ्या चिंध्यांचे गठ्ठे. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या गॅलरीतल्या सिंधी बाईनं तिथूनच माझी चौकशी केली. "भाडे पे लेनेवाली है क्या? पाणी सकाळी सातला येतं हां, भरके रखनेका." बाई चांगली आहे. फ्लॅट चांगला आहे. मी तिथे राहणार नाही.

कारण तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की मनालीनं सरळ सांगितलं नाही. मला अशा जागी राहायचं आहे जिथून रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर मातीत गाडी मारता येईल. डर्ट बाइकला नंबरप्लेट नसते, ती रस्त्यावर आणता येत नाही. बुवापाड्यातून दर रविवारी छोटा हत्ती टेम्पो करून गाडी न्यावी लागायची, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? गाडी बांधायचास तूच. आठवड्यातून एकदा सराव करून मी नाशिकच्या स्पर्धेत महिलांच्या गटात चौथी आले होते. माझ्या पुढच्या तिघी रोज सराव करतात. मला एकतिसावं लागलं आहे. या हिवाळ्यात नाही तर मग कधी नाही.

म्हणून मी अट ठरवली आहे. घराच्या फाटकातून गाडी बाहेर काढली की डांबर न लागता थेट मातीत जाता आलं पाहिजे. बाकी नळ, मजला, हवा, उजेड, जे मिळेल ते.

गाडी कुठली, असं तू विचारशील. गाडी तू विकलीस. मी खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडून हॉस्पिटलात पडले होते आणि त्याच आठवड्यात तू गाडी विकलीस, मला न विचारता. भंगारातली इंजिनं जोडून तूच ती माझ्यासाठी बनवली होतीस, म्हणून तुला विकायचा हक्क होता असं तू म्हणालास. तेव्हा मी जे बोलले ते मी मागे घेत नाही. निदान आज तरी नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. पण उल्हासनगरच्या फ्लॅटला परस्पर हो म्हणू नकोस.

मनाली


बुवापाडा
रविवार, २९ जून २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. बरं झालं, लिहायला मोकळी आहे.

तीन रविवार मी घरं बघते आहे. बदलापूरला प्रज्वल नावाचा एक एजंट भेटला आहे. वय असेल पंचविशी, केस मेणानं बसवलेले, तोंडात सतत 'डेव्हलपमेंट'. पहिल्या दिवशी त्यानं मला स्टेशनजवळचा टॉवर दाखवला. बाराव्या मजल्यावरून बोट करून म्हणाला, "मॅडम, हिल व्ह्यू." डोंगर होताच. पण मला तो बघायचा नाही, त्यावर चढायचं आहे. मी त्याला विचारलं, इथून मातीचा रस्ता किती लांब? तो म्हणाला, "मॅडम टेन्शनच नको, कच्चा रस्ता कुठेच नाही, सगळं काँक्रीट झालंय." मी म्हटलं, मग मला नको. त्याला वाटलं, मी भाडं पाडायला बघते आहे.

दुसऱ्या रविवारी त्यानं मला थोडं बाहेर नेलं. बैठं घर, मागे खडीचा माळ, आणि माळापलीकडे बंद पडलेली दगडखाण. दादा, चढ, उतार, वळण, सगळं देवानं आखून ठेवल्यासारखं. आपण देव मानत नाही ते सोड. मी हो म्हणणार, तेवढ्यात पठ्ठ्यानं खूश होऊन सांगितलं, "आणि मॅडम, गुड न्यूज. पुढच्या वर्षी इथून साठ फुटी रोड पास झालाय." मी तशीच उठले. तो मागे धावत आला. "ताई, अहो लोक यासाठी पाया पडतात. रोड आला की रेट डबल!" मी त्याला शांतपणे समजावलं की मला रेट नको, रोड नको, मला फक्त चिखल दाखव. त्यानं एकदा माझ्या खांद्यावरच्या वणाकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, अख्ख्या बदलापुरात अशी कस्टमर पहिलीच आहे. लोक विचारतात, स्टेशन किती लांब. तुम्ही विचारता, डांबर किती लांब."

पण हट्टाला पेटलेला तोही दिसतो. आता सोडत नाही म्हणाला.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मनू, विहार किती लांब ते पण विचार त्याला." म्हणजे ती माझ्याबरोबर यायचा विचार करते आहे. तिनं हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. हे तुला कळवायचं होतं.

मनाली


बुवापाडा
शुक्रवार, ११ जुलै २०२५

दादा,

घर सापडलं.

प्रज्वलनं बुधवारी फोन केला, मी अर्धी रजा टाकली आणि त्याच्या मागे स्कूटीवर गेले. जांभूळ गाव ओलांडून पुढे गेलं की एक पाडा लागतो. पाड्याच्या टोकाला रखमाआजींचं घर आहे. त्या एकट्याच असतात, पोरी लग्न होऊन गेलेल्या. घराला लागून त्यांनी दोन खोल्या बांधल्या आहेत, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा, शेजारी गुरांचा गोठा. एक म्हैस आणि दोन गाई. फाटक म्हणजे दोन बांबू. ते बांबू सरकवले की समोर माती, आणि मातीपुढे डोंगराचा उतार, पार वरपर्यंत. डांबर अर्धा किलोमीटर मागे राहतं. माझ्या कामाची लॅब स्कूटीवर पाऊण तासाच्या आत. जांभूळ गावात विहार आहे, आईला रिक्षानं जाता येईल. मी पाहिलं आणि माझं ठरलं.

आजींना मी आधीच सांगितलं की मी गाडी चालवते, मातीत, रोज. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "डांबराव नाय चालं का तुजी गाडी?" मी म्हटलं, नाही चालत. "मंग कसली गाडी ती." पण घर द्यायला तयार झाल्या. उताराकडे बोट करून मी विचारलं, ही जमीन कुणाची? "माजीच हाय. वरकस. भात व्हत नाय तिथं." प्रज्वल माझ्या कानात म्हणाला, "वरकस म्हणजे ताई, बिनकामाची. सातबाऱ्यावर असते नुसती." मी मनात म्हटलं, कुणाच्या कामाची नाही ती माझ्या कामाची. ऑक्टोबरअखेरपासून भाड्यानं घ्यायचं ठरलं.

आता कबुली. गाडी आहे. मार्चमध्येच घेतली, सेकंडहँड, कोल्हापूरच्या एका पोरीकडून. इतके दिवस ती बदलापूरला लॅबमधल्या राजसीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती. आईला एप्रिलमध्ये सांगितलं. तुला आज. रखमाआजींनी गोठ्याच्या पडवीत ठेवायला जागा दिली, तेव्हा काल ती टेम्पोनं तिकडे हलवली.

काल आषाढी पौर्णिमा होती. विहारात वर्षावास सुरू झाला. आई आता रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला जाते, तीन महिने खंड नाही. या वर्षी वाचायचा मान तिला मिळाला आहे. चष्म्याचा नंबर वाढला आहे, तरी म्हणते, मला पाठ आहे.

तिनं अजून घर बघितलेलं नाही. बघायला नेईन तेव्हा कळवते.

मनाली


बुवापाडा
रविवार, १० ऑगस्ट २०२५

दादा,

घर गेलं होतं. परत मिळवलं. कसं ते सांगते, आणि यात माझीच चूक आहे हे पहिल्या ओळीत लिहून टाकते, म्हणजे मला पुढे पळवाट राहणार नाही.

जुलैच्या शेवटच्या दोन रविवारी मी पाड्यावर गेले आणि गाडी काढली. दोन वर्षांनी. पण दहा मिनिटांत अंगातली भीती उतरली आणि मग मी थांबलेच नाही. त्या उतारावर वर-खाली, वर-खाली, तासन्तास. ओल्या मातीत मागचं चाक फिरतं तेव्हा गवताचे गोळे उडतात. मला वाटलं, वरकस आहे, बिनकामाची आहे, कुणाला काय त्याचं.

दुसऱ्या रविवारी रखमाआजी विळा घेऊन उतारावर आल्या. ओरडल्या नाहीत. मी केलेल्या चाकोऱ्यांवरून शेवटपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग म्हणाल्या, "पोरी, ह्यो माज्या गुरांचा वरीसभराचा चारा हाय. भात व्हत नाय म्हन्लं मी. काय व्हत नाय असं नव्हतं म्हन्लं." गाडी घेऊन जा म्हणाल्या. घर देणार नाही म्हणाल्या.

मी प्रज्वलला फोन करून त्याच्यावर भडकले. तूच सांगितलंस बिनकामाची म्हणून. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी डोंबिवलीचा, मला काय माहीत." खरंच आहे. ज्याच्या जमिनीवर गाडी घालायची त्यालाच विचारायचं असतं, एजंटला नाही. मी आजींना विचारलं नव्हतं. जे ऐकायचं होतं तेवढंच ऐकलं होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "वर्षावास कशाला करतात माहीत आहे का तुला?" मी म्हटलं, ग्रंथ वाचायला. "ते आपण करतो. मुळात भिक्खूंनी पावसाचे तीन महिने एका जागी राहायचं, कारण हिंडले तर पायाखाली कोवळं गवत मरतं, किडेमुंग्या मरतात. लोकांनीच तक्रार केली होती तशी, मग नियम झाला. ते तर अनवाणी चालायचे गं." ती टोमणे मारत नाही, तिला गरज पडत नाही.

तीन दिवस मी लॅबमध्ये बाटल्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या. मग रजा टाकून पाड्यावर गेले. आजी लावणीच्या राहिलेल्या तुकड्यात होत्या. मी पँट दुमडून उतरले आणि जमेल तशी रोपं लावली. त्यांनी त्यातली अर्धी उपटून परत लावली. दुपारी भाकरी दिली तेव्हा मी बोलले. पाऊस संपेपर्यंत आणि गवत कापून होईपर्यंत उतारावर गाडी घालणार नाही. कापणीला मी येईन. त्यानंतर कुठून जायचं ती वाट तुम्ही दाखवा, मी तीच धरीन. त्यांनी भाकरी संपवली, हात धुतला. मग म्हणाल्या, "दसऱ्यामागं कापनी. विळा धरता येतो का?" नाही म्हटलं. "शिकव्तंय."

गाडी पडवीत उभी आहे. गाडीसाठी घर शोधलं, आणि आता त्या घरापायी गाडी बंद. तुला हसू आलं असेल तर हस. मला आता ती जागा आणखी हवी आहे.

मनाली


बुवापाडा
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

दादा,

आज आईला घर दाखवलं. हे पत्र मी तीनदा फाडलं आहे, चौथ्यांदा लिहिते आहे.

तिला जागा आवडली. रखमाआजींनी चहा दिला, दोघी ओट्यावर बसून गुडघ्यांविषयी बोलल्या. आईनं खिडक्या उघडून बघितल्या, पाटा कुठे ठेवायचा ते ठरवलं. मग पडवीत गेली आणि गाडीपाशी उभी राहिली. मी म्हटलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "पहिली वाटायची. पण तुझ्यात खोट नव्हती ना मनू. गाडीत होती. महेंद्रनं ब्रेक नीट बसवला असता तर तू पडली नसतीस. ही कंपनीची आहे, हिचं तसं नाही होणार. म्हणून तर मी येते म्हणते."

मी गप्प बसले. दादा, मी तिथे गप्प बसले.

आता लिहिते. मी पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी तू ब्रेक बसवलास आणि म्हणालास, "मने, दोन दिवस हात लावू नको, केबल बसू दे." मला ब्रेक जड वाटत होता. रविवार असून तुझी ड्युटी होती, तू गेल्यावर सकाळी मी पाना घेतला, केबल ताणून धरणारा चेकनट सोडला, केबल सैल केली. आणि टेम्पो आला म्हणून हाक ऐकू आली तेव्हा चेकनट परत न आवळता तशीच उठले. उतारावर ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला टेकला. पुढचं तुला माहीत आहे.

हॉस्पिटलात आईनं विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, "दादानं ब्रेक नीट बसवला नव्हता." दुखत होतं, इंजेक्शनची गुंगी होती, एका दमात तोंडातून गेलं. पण दुसऱ्या दिवशी गुंगी नव्हती. तिसऱ्या दिवशी आई तुला सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या हातानं पोरीचं हाड मोडलं," तेव्हाही नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगण बांधणाऱ्याचंच नाव घेतलं.

दोन वर्षं मी तुझ्यावर गाडी विकल्याचा राग धरला. तो राग मला फार सोयीचा होता. तो असला की दुसरं काही आठवायला लागत नाही.

आणखी एक गोष्ट आज परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात आली. तू गाडी विकायला नेलीस तेव्हा ब्रेक बघितला असशीलच. गाडी तुझ्या हातून जाते आहे आणि तू एकेक नट तपासत नाहीस, हे होणं शक्य नाही. तू चेकनट सुटलेला बघितलास. तुला तेव्हापासून माहीत आहे. तू एक शब्द बोलला नाहीस. आईचं ऐकून घेतलंस आणि चंद्रपूरची बदली मागून गेलास.

आता मी जे मागणार आहे त्याची मला लाज वाटते, तरी मागते. आईला इतक्यात सांगू नकोस. तिला खरं कळलं तर ती मला परत गाडीवर बसू देणार नाही, पाड्यावर यायची तर गोष्टच सोड. तिचा भरवसा त्या एका खोट्यावर उभा आहे. एकदा तिथे राहायला गेलो की मी स्वतः सांगेन. दोन वर्षं गप्प बसलास, आणखी दोन महिने बस.

मनाली


बुवापाडा
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

दादा,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ परत घेते. ती लिहून पेटीत टाकली त्या दिवसापासून मला स्वतःचं तोंड आरशात बघवत नव्हतं.

परवाच्या पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती झाली. आईनं शेवटचं वाचन केलं, पांढरी साडी नेसून, एकदाही न अडखळता. विहार भरला होता. चाळीतले सगळे आले होते, कारण पुढच्या वर्षी कोण कुठे असेल कुणाला माहीत. मग भंतेजींनी पवारणा म्हणजे काय ते सांगितलं. तीन महिने एकत्र राहिल्यावर शेवटच्या दिवशी प्रत्येक भिक्खू बाकीच्यांसमोर हात जोडून बसतो आणि म्हणतो, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर दया करून मला सांगा. वयानं मोठा असो की लहान, हे म्हटल्याशिवाय कुणी त्या जागेवरून पुढे जात नाही.

मी मागच्या रांगेत बसले होते. तुझा दोष चाळीतल्या प्रत्येकानं ऐकलेला आहे. माझा कुणी नाही.

खिरीचं वाटप झाल्यावर आम्ही चालत घरी आलो. आईनं साडी बदलायच्या आधी मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पाना, चेकनट, टेम्पो, हॉस्पिटल, भिंतीकडे केलेलं तोंड. तुला माहीत असूनही तू बोलला नाहीस हेसुद्धा. मध्ये काही न गाळता. तिनं एकच विचारलं, "महेंद्रनं हात लावू नको म्हटलं होतं?" मी म्हटलं, हो.

ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते, पण बोलत नाही. घराचं काय, मला माहीत नाही. रखमाआजींना मी अजून काही कळवलेलं नाही. काल कापणीला गेले आणि दिवसभर कापत राहिले, हाताला फोड आले आहेत, म्हणून अक्षर असं.

घर गेलं तर जाऊ दे असं मी म्हणणार नाही. मला ते हवं आहे. पण ते त्या खोट्यावर नको.

मनाली


बुवापाडा
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

दादा,

आई तुझ्याकडे येते आहे.

सोमवारी सकाळी ती उठली, सुनंदामावशीच्या मुलाकडून तिकीट काढून घेतलं आणि मग मला सांगितलं. शनिवारी, पंचवीस तारखेला निघते, रविवारी तुझ्याकडे पोचेल. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "मी दोन वर्षं माझ्या पोराला शिक्षा दिली. त्यानं काय केलं म्हणून? ते फोनवर बोलायचं नसतं." मी सोबत येते म्हटलं. नको म्हणाली. "मी माझं बोलायला चालले आहे. तुझं तू बोल."

म्हणून मी माझं बोलायला सुरुवात केली. चाळ रिकामी होते आहे, रोज एक टेम्पो लागतो. महिना संपायच्या आत हे लोक भिवंडी, कल्याण, वांगणी कुठे कुठे पांगतील आणि तुझ्याबद्दलचं ते खोटं आपल्याबरोबर घेऊन जातील. मंगळवार ते शुक्रवार मी रोज कामावरून आल्यावर दारोदार गेले. एकूण एकवीस बिऱ्हाडं. प्रत्येक दारात तेच सांगितलं, ब्रेक माझ्या दादानं नीट बसवला होता, मी तो सैल केला आणि त्याचं नाव सांगितलं. काही जणांना आठवतही नव्हतं, त्यांना आधी ते सगळं आठवून द्यावं लागलं, मग खोडावं लागलं. कमळाबाईंनी दार लावून घेतलं. कोपऱ्यातल्या घरचे भगवानकाका म्हणाले, "आता कशाला उकरतेस, पोरी?" मी म्हटलं, पुरलं मी होतं. शनिवारी उल्हासनगरला जाऊन मावशीला सांगितलं. ती रडली आणि मग मला यथेच्छ बोलली. मी ऐकून घेतलं.

आता तुला. माझी चूक झाली, दादा. पडले ती चूक नव्हे, ते कुणाचंही होतं. तुझे हात चांगले आहेत हे मला सगळ्यांत जास्त माहीत होतं आणि मीच ते वाईट ठरवले. गाडी विकल्यावर मी जे बोलले ते आज मागे घेते, प्रत्येक शब्द. मला माफ कर असं लिहिते आहे, पण करच असा हट्ट नाही. हा एक हट्ट मी सोडला.

दुसरा सोडलेला नाही. एकतीस तारखेला मी पाड्यावर राहायला जाते. उतारावरचं गवत कापून झालं, गंज्या रचून झाल्या. रखमाआजींनी मला स्वतः पुढे चालून वाट दाखवली, ओढ्याच्या कडेनं वरपर्यंत. नाशिकची स्पर्धा डिसेंबरच्या शेवटी आहे. रोज तासभर, साडेसहा ते साडेसात, मग आंघोळ आणि लॅब. पहिल्या तिघींत यायचं आहे. नाही आले तर पुढच्या वर्षी पुन्हा.

आज दुपारी आई तुझ्यासाठी चटणी कुटत होती. दोन खोल्यांचं सामान दोन बाजूंना लावलेलं, तिचं एकीकडे, माझं दुसरीकडे. मी विचारलं, "आई, तू परत येशील तेव्हा कुठे येशील? उल्हासनगरला की माझ्याकडे?"

"महेंद्र म्हणेल तिथे."

"आणि मी गाडी चालवू?"

तिनं मुसळ थांबवलं नाही. "चालव. मी नको म्हटलं म्हणून तू थांबणार आहेस का? ठरवलंयस ते कर." मग चटणी डब्यात भरली, झाकण दाबून लावलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या त्या खांद्यावर हात ठेवला. "पण आता पडलीस तर कुणाचं नाव घेऊ नको."

मी हो म्हटलं.

मनाली